उधळपट्टीमुळे निवडणूक हरली का?

प्रश्न : माझे थोरले बंधू न्यू जर्सीत स्थायिक असून रिपब्लिकन पक्षाचे निष्ठावंत समर्थक आहेत. २००८ ची अध्यक्षीय निवडणूक आपला पक्ष केवळ सरकारी उधळपट्टीमुळे हरला, असे ते आजही ठामपणे सांगतात. हे खरे मानावे का?
— एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : आपल्या बंधूंची तक्रार खरी आहे, तिच्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

२००० या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे २३६ अब्ज डॉलरची शिल्लक होती आणि रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या कारकिर्दीअखेर, २००८ मध्ये, तिच्या जागी सुमारे ४५९ अब्ज डॉलरची तूट उभी होती. दरम्यान करकपात झाली, दोन युद्धे झाली आणि वृद्धांना औषधे पुरवणारी मोठी योजनाही आली. या योजनेवरचे मतदान नोव्हेंबर २००३ मध्ये प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, पहाटे जवळजवळ तीन तास लांबवले गेले, ते स्वपक्षाच्याच नाराज सदस्यांचे मन वळवण्यासाठी. काटकसरीवर मनापासून विश्वास असलेल्या कार्यकर्त्यांना ती पहाट जिव्हारी लागली, यात नवल नाही.

पुढे २००५ मध्ये, त्याच पक्षाचे बहुमत असताना, अलास्कातील केचिकन शहरापासून जेमतेम पन्नास वस्तीच्या ग्राविना बेटापर्यंतच्या पुलासाठी २२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम राखून ठेवण्यात आली. बेटावर विमानतळ आहे, हे खरे. पण तेथे जाण्यासाठी फेरीबोट होतीच. हा पूल देशभर उधळपट्टीचे प्रतीक ठरला आणि २००८ मधील पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी विशिष्ट स्थानिक कामांसाठीच्या अशा राखीव तरतुदींविरुद्ध प्रचारात रान उठवले. या तरतुदींचा त्यांनी सांगितलेला आकडा १८ अब्ज डॉलरचा होता, तर २००८ मधला केंद्र सरकारचा एकूण खर्च २,९८० अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे या तरतुदींचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. आपल्याकडील गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत चहापाण्याच्या बिलावर तासभर वाद व्हावा आणि इमारत दुरुस्तीचे कर्ज हात वर करून मंजूर व्हावे, तसे हे झाले. निवृत्तिवेतन, वृद्धांचे उपचार आणि संरक्षण या मोठ्या खर्चांना हात लावण्याची भाषा प्रचारात अभावानेच ऐकू आली.

पराभवाचे मुख्य कारण वेगळे होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. बँकांना सावरण्यासाठी मांडलेले ७०० अब्ज डॉलरचे विधेयक २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने फेटाळले, त्यात १३३ रिपब्लिकन सदस्यांचा विरोध होता. त्याच दिवशी शेअर बाजार कोसळला आणि ३ ऑक्टोबरला सुधारित विधेयक संमत करावे लागले. मॅकेन आणि त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी बराक ओबामा या दोघांनीही सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, त्याला पाठिंबा दिला होता, त्यामुळे काटकसरीच्या मुद्द्यावर मतदाराला निवडच उरली नव्हती. मतदान करून बाहेर पडलेल्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोकांनी अर्थव्यवस्था हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असल्याचे सांगितले. त्यांच्यापुढे नोकरीची आणि घराच्या हप्त्याची चिंता होती. ओबामांना ३६५ आणि मॅकेन यांना १७३ निर्वाचक मते (राज्यनिहाय ठरणारी, अध्यक्ष निवडणारी मते) मिळाली.

बंधूंशी पुन्हा चर्चा झाली, तर २०१२ च्या निवडणुकीविषयी अवश्य विचारावे. पक्षाचे उमेदवार मिट रॉम्नी यांनी अर्थसंकल्पातील कपातीचे कट्टर पुरस्कर्ते पॉल रायन यांना उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून सोबत घेतले आणि तरीही, ओबामांनी वृद्धांच्या आरोग्य योजनेतून ७१६ अब्ज डॉलर कापले, असा आरोप करत ती रक्कम परत देण्याचे आश्वासन दिले. ती निवडणूकही पक्ष ३३२ विरुद्ध २०६ अशा फरकाने हरला.