आधी पाटे बघ, शॉकअप नंतर

मित्रा, गाडी मागून बसते म्हणून महागडे शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) शोधतोयस, तर जरा थांब. वजन पेलतात ते पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. शॉकअपचं काम पाट्यांचा हेलकावा आवरायचं. नारायणगावचा टोमॅटो भरल्यावर बोलेरो पिकअप मागून बसत असेल, तर साधा शॉकअप कितीही भारी घेतलास तरी तिला उचलणार नाही. आधी आरसीवरचं वजन बघ. ओव्हरलोडचा दंडच 20,000 रुपयांपासून सुरू होतो.

खड्ड्यातून निघाल्यावर गाडी दोन-तीनदा डुलते, शॉकअपच्या नळीवर तेलाने धुळीचा काळा थर धरलाय, टायरवरून हात फिरवला की उंचसखल लागतं? मग शॉकअप गेले समज. बदलशील तर जोडीनेच. माळशेज घाटातून रोजची फेरी असेल तर गॅसचे घे. आत नायट्रोजन दाबाखाली असतो, त्यामुळे तेल तापलं तरी सहसा फेस धरत नाही.

जादा पाटा मीही टाकला होता. भरलेली गाडी मस्त चालायची, पण रिकामी परतताना मागून इतकी उडायची की पावसात ब्रेक मारला की मागची चाकं घसरायची. महिन्याभरात काढून टाकला. मागच्या ब्रेकला वजनानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल, तर उंची वाढली की त्याला गाडी रिकामीच वाटते आणि ब्रेक कमी लागतो. तो पुन्हा सेट करून घेच.

पाट्यांचं काम केलंस तर ते एक्सलला धरून ठेवणारे यू बोल्ट नवेच लाव, काही दिवस गाडी चालली की परत आवळ. पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे, जॅकवर नाही.