छोट्या कॉलेजातून रिसर्च ग्रँट मिळते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीएचडी चांगल्या प्रयोगशाळेतून झाली, दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणून लागलात, पहिलं प्रपोजल ‘सुविधा अपुऱ्या’ एवढ्या शेऱ्यावर नामंजूर झालं. आता पुन्हा अर्ज करावा, की हा आयआयटी-आयसरवाल्यांचा प्रांत म्हणून नाद सोडावा?

करा अर्ज. मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. दोनदा आपटलो, तिसऱ्यांदा ग्रँट मिळाली.

माझ्या पहिल्या प्रपोजलचा विषय होता कोकणातल्या औषधी वनस्पतींची विविधता, त्यांचं रासायनिक पृथक्करण आणि त्यांचे जिवाणुरोधक गुण. तीन वर्षांत साठ वनस्पती. आमच्या लॅबमध्ये तेव्हा काय होतं? एक ऑटोक्लेव्ह, आणि एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, जो कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार असली की खोक्यातून बाहेर निघायचा. शेरा दोन ओळींचा आला: उद्दिष्टं आवाक्याबाहेरची, सुविधा नाहीत. मी वर्षभर धुसफुसत होतो. सगळं ओळखीपाळखीवर चालतं, गावाकडच्यांना कोण विचारतो, वगैरे. दुसऱ्या वेळी तेच प्रपोजल, वनस्पती साठाच्या चाळीस करून पाठवलं. तेही गेलं.

मग पुण्यातल्या माझ्या जुन्या गाइडना ते वाचायला दिलं. त्यांनी भाषेला, संदर्भांना हातसुद्धा लावला नाही. एवढंच विचारलं, “हे काम पुण्यात होणार नाही, तुझ्याकडेच होईल, असं यात काय आहे रे?”

काहीच नव्हतं. उलट पुण्यात ते काम माझ्यापेक्षा चौपट वेगाने झालं असतं. परीक्षकाने वेगळं काय लिहायला हवं होतं?

आमच्या कॉलेजपासून दुचाकीवर दहा मिनिटांत जांभ्याचा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, लागतो. मे महिन्यात त्यावर अनवाणी चार पावलं टाकता येत नाहीत, तळवे भाजतात. पाऊस लागला की खळग्यांत पाणी धरतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत तोच कातळ गेंद आणि सीतेची आसवं या रानफुलांनी भरून जातो. दिवाळीनंतर पुन्हा सगळं करपलेलं. म्हणजे त्या रोपांचं बी सहा-सात महिने दोन बोटं मातीत, तापलेल्या दगडावर पडून असतं. त्यातलं कुठलं बी किती ताप सोसून रुजतं, आणि पाऊस येऊन मध्येच पंधरा दिवस उघडीप पडली तर त्याचं काय होतं? हा झाला माझा प्रश्न. पुण्या-बंगळुरूची माणसं इथे हंगामात दोनदा, चार-चार दिवसांसाठी येतील. मी जून ते नोव्हेंबर दर मंगळवारी दुपारच्या लेक्चरनंतर जाऊ शकतो. हे वाक्य, अगदी असंच, मी पहिल्या पानावर टाकलं. ग्रँट त्या वाक्यावर मिळाली असं माझं ठाम मत आहे. बाकीची पानं त्याच्या पुष्टीसाठी.

तर आधी तुमच्याकडचा ‘सडा’ शोधा. साखर कारखान्याची मळी असेल, ऊसतोडीला येणारी कुटुंबं असतील, खारट होत चाललेल्या विहिरी असतील. पीएचडीचा विषय जसाच्या तसा पुढे ओढू नका. त्याची यंत्रं तुमच्या जुन्या लॅबमध्येच राहिली, हे परीक्षकाला तुमच्या बायोडेटावरून कळतं.

‘सुविधा अपुऱ्या’ या शेऱ्यावर ‘आमच्याकडे सर्व सुविधा उपलब्ध आहेत’ हे उत्तर देऊ नका. ते खोटं असतं आणि वाचणाऱ्याला ते खोटं आहे हे ठाऊक असतं. मी सरळ लिहिलं: तापमान नोंदवणारे डेटा लॉगर, सीड जर्मिनेटर आणि एक बरा सूक्ष्मदर्शक एवढं हवं, ते ग्रँटमधून घेऊ. बियांच्या पृष्ठभागाचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो विद्यापीठाच्या मध्यवर्ती सुविधेत काढू, हे त्यांचं संमतिपत्र आणि हा दर नमुन्यामागचा खर्च. कुठल्या संस्थेत कुठलं यंत्र बाहेरच्यांना वापरायला मिळतं, हे आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर सापडतं. तासभर बसून शोधा.

थोडा प्राथमिक डेटाही हवाच. मी एका पावसाळ्यात बारा खळगे धरले, प्लास्टिकचे ट्रे आणले, स्वस्तातले थर्मामीटर पुरले. चारेक हजार खिशातून गेले. त्यातून निघालेला एकच आलेख प्रपोजलमध्ये होता. तुमच्या विद्यापीठाची छोटी अनुदानं असतील तर आधी तिथे हात मारा. रक्कम किरकोळ असते, पण आलेख निघतो.

अर्ज कुठे करायचा? संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं मंडळ, सर्ब, आता राहिलं नाही. २०२३च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, म्हणजे एएनआरएफ आलं आणि सर्ब त्यात विलीन झालं. सर्बची स्टार्ट-अप ग्रँट दोन वर्षांसाठी ३० लाखांची होती. तिच्या जागी आता तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंतची प्रधानमंत्री अर्ली करिअर ग्रँट आहे, पण त्या रांगेत आयआयटीत नव्याने लागलेले सगळे तुमच्या पुढे-मागे उभे असतात. मला मिळाली ती सर्बची ‘शुअर’, खास राज्य विद्यापीठं, खासगी विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी काढलेली. तिची मर्यादा तीन वर्षांना ३० लाख होती, मी १९ मागितले. तुमच्यासारख्याला ‘टेअर’ही पाहण्यासारखी: नोकरी न सोडता वर्षाला किमान ९० दिवस एखाद्या मोठ्या संस्थेत जाऊन काम करायचं, वर्षाला ५ लाख संशोधनासाठी, त्यातले निम्मे यजमान संस्थेला. ९० दिवस म्हणजे तुमची उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी गेली असं समजा. घरी आधी विचारून ठेवा. यातली कुठली जाहिरात यंदा खुली आहे ते एएनआरएफच्या संकेतस्थळावर बघा, सहकाऱ्याच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

आता बजेट, जिथे मी स्वतः माती खाल्ली. जानेवारी २०२३पासून जेआरएफला, म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाला, महिना ३७ हजार, एसआरएफला, म्हणजे वरिष्ठाला, ४२ हजार. दोन वर्षं जेआरएफ आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ धरला तर घरभाडं सोडून १३ लाख ९२ हजार होतात. म्हणजे माझ्या १९ लाखांतले बहुतेक एका माणसावर. बरं, माणूस मिळाला का? जाहिरात दिली, नेट किंवा गेट झालेला एकही उमेदवार आमच्या गावात यायला तयार होईना. सात महिने गेले, त्यात एक अख्खा पावसाळा. तो हंगाम मी आणि टीवायच्या दोन मुलींनी छत्र्या सांभाळत काढला. मला पुन्हा लिहायचं झालं तर कमी पात्रतेचा, पण स्थानिक फील्ड असिस्टंट बसतो का ते नियमांत आधी पाहीन आणि तेवढाच मागेन.

आणखी एक. ‘आठवड्याला १६ तास लोड आहे’ हे रडगाणं प्रपोजलमध्ये नको. लोड सगळ्यांनाच असतो आणि ग्रँट आली म्हणून प्राचार्य तो कमी करत नाहीत. प्राचार्यांकडून एन्डॉर्समेंटचं पत्र मात्र शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी घ्या. शेवटच्या दिवशी ते हमखास मीटिंगला मुंबईत असतात.

पैसे मंजूर झाल्यावरचा त्रास वेगळाच, आणि त्याबद्दल कुणी सांगत नाही. रक्कम कॉलेजच्या खात्यात येऊन पडते हे डोक्यातून काढा. शून्य शिल्लक खातं असतं, तुम्हाला खर्चाची मर्यादा मिळते, आणि ३१ मार्चपर्यंत न वापरलेलं परत जातं. खरेदी बहुतांशी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून, म्हणजे कॉलेजची तिथे नोंदणी हवी. वर्षाअखेर जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात यूसी, म्हणजे पैसे ठरल्या कामी खर्चल्याचं प्रमाणपत्र, द्यायची. हे सगळं करणारा माणूस तुम्ही नव्हे, ऑफिसातले भाऊसाहेब. आमच्या भाऊसाहेबांनी आयुष्यात शिष्यवृत्ती आणि परीक्षा फी यांपलीकडे हिशेब पाहिला नव्हता. पहिली यूसी तीनदा परत आली. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “सर, फुलं तुमची, आकडे माझे. आता मध्ये बोलू नका.” चौथ्यांदा ती गेली ती गेलीच. हल्ली शेजारच्या दोन कॉलेजांतून त्यांना फोन येतात.

तुमचे भाऊसाहेब निवृत्त कधी होताहेत, तेवढं अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.