राणी : राजाची आणि राज्याची

प्रश्न असा आला आहे : राजाची बायको ती राणी आणि स्वतः राज्य करणारी तीही राणीच. मध्ययुगाबद्दल लिहिताना दोघींत फरक कसा दाखवायचा? 'सम्राज्ञी' चालेल का?

'राणी' आला संस्कृत 'राज्ञी'वरून, आणि त्या शब्दातही दोन्ही अर्थ होतेच. आपल्या 'मास्तरीण'सारखं : शिकवणारीही तीच, मास्तरांची बायकोही तीच. 'सम्राज्ञी'ने काम भागत नाही. एक तर तो साम्राज्याचा शब्द. शिवाय ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात नव्या नवरीलाच 'सम्राज्ञी श्वशुरे भव' असा आशीर्वाद आहे, म्हणजे सासरी सत्ता गाजव!

खरी पंचाईत या दोन टोकांच्या मधे आहे. काश्मीरची दिद्दा घ्या. नवरा क्षेमगुप्त गादीवर असतानाच त्याच्या नाण्यांवर 'दि क्षेम' अशी अक्षरं पडली. त्यातला 'दि' दिद्दाचा, आणि तोही नवऱ्याच्या नावाआधी. लोक त्याला 'दिद्दाक्षेम' म्हणायचे, असं काश्मीरचा इतिहास लिहिणारा कल्हण सांगतो. (बायकोच्या नावाने ओळखला जाणारा राजा!) 958 साली तो वारला, तेव्हा मुलगा अभिमन्यू लहान होता. कारभार दिद्दाच्या हाती आला. पुढे तीन नातू एकामागून एक गादीवर बसले, तरी सूत्रं तिच्याकडेच राहिली. साधारण 980पासून 1003पर्यंत ती स्वतःच्या नावाने गादीवर होती. या सगळ्याला आपण 'राणी दिद्दा' एवढंच म्हणतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं, असेल कुणा राजाची बायको.

काहींनी सरळ पुरुषी पदवीच घेतली. वरंगळला राज्य करणारी, काकतीय घराण्यातली रुद्रमा शिलालेखांत 'रुद्रदेव महाराज' म्हणून येते. जॉर्जियावर राज्य करणाऱ्या तामारला तिकडे 'मेपे' म्हणत, म्हणजे राजा. त्या भाषेत व्याकरणिक लिंगच नाही, त्यामुळे प्रश्नच मिटला.

मराठीत 'राज्यकर्ती राणी' चालतं, पण ते दरवेळी लिहिणं जड होतं. मी तरी 'राणी' तसाच ठेवतो आणि क्रियापद नेमकं वापरतो. 'दिद्दा काश्मीरची राणी होती' असं लिहिण्यापेक्षा 'दिद्दाने आधी मुलाच्या, मग नातवांच्या नावाने कारभार पाहिला आणि शेवटी स्वतः राज्य केलं' असं लिहावं. 'राजमाता' मात्र इथे जपून वापरा. त्या शब्दाने ती देवघरात बसल्यासारखी वाटते.