बहुमत आलं, आता बाकं सांभाळा!

(या सदराच्या लेखिका विधिमंडळात प्रतिवेदक होत्या. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या टेबलाशी बसून सभागृहातला शब्दन् शब्द टिपून घेण्याचं काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच विषयावर आहेत: निवडणूक जिंकल्यावर पक्षाचं घोडं अडतं कुठे?)

प्रश्न : २०२४ च्या निवडणुकीत महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांचे मिळून २३० आमदार आले. तरी मंत्रिमंडळाला डिसेंबर उजाडला आणि रुसवेफुगवे संपेनात. एवढं बहुमत असताना अडचण कसली? – एक वाचक, सोलापूर

अडचण बहुमताचीच आहे, दादा. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१. प्रत्येकाला वाटतं, सरकार आपल्यामुळे आलं. आता जागा मोजा. २००३ मधल्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधून टाकली. २८८ च्या विधानसभेत मुख्यमंत्री धरून ४३. म्हणजे २३० पैकी निदान १८७ जणांना लाल दिव्याची स्वप्नं बघत मागच्या बाकांवर बसायचंय. (लाल दिवा २०१७ मध्येच गेला, पण स्वप्नातला काही विझत नाही.)

तारखाच बघा. निकाल २३ नोव्हेंबरला. आझाद मैदानावर शपथविधी ५ डिसेंबरला, तोही मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री एवढ्यांचाच. बाकीच्या ३९ जणांची शपथ १५ डिसेंबरला नागपुरात झाली आणि दुसऱ्या दिवशी हिवाळी अधिवेशन बसलं. खातेवाटप कधी? २१ डिसेंबरला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी! मंत्री बाकावर हजर, पण कुणाला कुठलं खातं हे त्यालाही ठाऊक नाही. आमच्या टेबलावर ‘बोलणाऱ्याचं नाव, पदनाम’ लिहायची शिस्त असते. त्या आठवड्यात आमच्या मुलांनी पदनामाच्या जागी काय लिहिलं असेल, याची मला गंमत वाटत राहिली. छगन भुजबळांसारखा जुनाजाणता नेता यादीत नाही म्हणून अधिवेशन सोडून नाशिकला निघून गेला, हे तुम्ही वाचलंच असेल. त्यांना पुढे मे २०२५ मध्ये घेतलं.

खाती वाटली की पालकमंत्रिपद. बाहेरच्याला हे पद शोभेचं वाटतं. तसं नाही. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो आणि कुठल्या गावचा रस्ता, कुठल्या शाळेची खोली, हे त्या बैठकीत ठरतं. आमदाराचा जीव तिथे अडकलेला असतो. १८ जानेवारी २०२५ ला यादी आली आणि लगेच रायगड व नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नावांना स्थगिती द्यावी लागली. यात विरोधकांनी बोटही लावलेलं नव्हतं.

हे दुखणं एका पक्षाचं नाही बरं. दिल्लीत २०१५ मध्ये आम आदमी पक्षाला ७० पैकी ६७ जागा मिळाल्या आणि मंत्री करता येत होते फक्त सात. मग २१ आमदारांना संसदीय सचिव, म्हणजे मंत्र्यांचे मदतनीस, नेमलं. उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये त्या नेमणुका रद्द केल्या आणि लाभाच्या पदाचं (आमदाराला सरकारी लाभाचं पद घेता येत नाही) शुक्लकाष्ठ पुढे आणखी दोन वर्षं पुरलं.

प्रश्न : अध्यक्षपदासाठी एवढी ओढाताण का होते? अध्यक्ष तर सभागृह शांत ठेवायला असतो ना? आमच्या वर्गात मुलं तसंच लिहितात. – एक शिक्षिका, चिपळूण

बाई, मुलांना पैकीच्या पैकी मार्क देऊ नका. शांत ठेवणं हे अध्यक्षाचं सगळ्यात लहान काम. घटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे, पक्षांतर केलेला आमदार अपात्र ठरतो की नाही, याचा पहिला निवाडा अध्यक्षाचा. विधेयक धनविधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाबद्दलचं, आहे की नाही, तेही तोच ठरवतो. लक्षवेधी (तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) कुठली लावायची, कुणाला किती वेळ द्यायचा, हे सगळं त्या खुर्चीतून चालतं.

जिंकलेल्या आघाडीनं ही खुर्ची रिकामी ठेवली तर काय होतं, याचा धडा आपल्याकडेच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी अध्यक्षपद सोडलं. महाविकास आघाडीकडे आकडा होता. पण निवडणूक गुप्त मतदानानं, आणि आपलीच मतं फुटतील ही भीती. आज करू, पुढच्या अधिवेशनात करू, असं करत वर्ष काढलं. मधल्या काळात कारभार उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे. २०२१ च्या जुलैत तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या गैरहजेरीत आसनावर बसणारे आमदार) आसनावर असताना भाजपच्या १२ आमदारांचं एक वर्षासाठी निलंबन झालं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये ते रद्द केलं. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून उघड मतदान घ्यायचं ठरलं, तर राज्यपालांनी आक्षेप घेतला. पुन्हा खुर्ची रिकामीच.

आणि मग जून २०२२. एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला, तिथून गुवाहाटीला. झिरवाळांनी सोळा जणांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या, तेवढ्यात झिरवाळांनाच हटवण्याची नोटीस आली. न्यायालयानं उत्तराची मुदत वाढवली आणि मुदत संपायच्या आत सरकार गेलं. नव्या सरकारनं काय केलं बघा: ३० जूनला शपथ, ३ जुलैला अध्यक्षांची निवडणूक. राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले. विश्वासदर्शक ठराव त्याच्या दुसऱ्या दिवशी. आधी खुर्ची, मग विश्वास! हा क्रम ज्यानं आखला, त्याला सभागृह कळतं, एवढं मी म्हणेन. नैतिकतेचा हिशेब तुमचा तुम्ही मांडा.

प्रश्न : लाडक्या बहिणींना १५०० चे २१०० रुपये करू म्हणाले होते. बहुमत आहे, मग ठराव आणून पास का करत नाहीत? – एक गृहिणी, अकोला

ताई, हात वर करून ठराव होतो, पैसे उभे राहत नाहीत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले. महिना १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार. भागून बघा, बरोबर दोन कोटी बायकांना पुरतील एवढे. तेवढ्यांनाच २१०० द्यायचे तर ५० हजार ४०० कोटी लागतात. वरचे १४ हजार ४०० कोटी कुठल्या खात्यातून काढायचे, ते सांगणारा मंत्री अजून जन्मायचाय, कारण प्रत्येक खात्याच्या मागे पुन्हा आपलेच आमदार उभे.

जाहीरनामा नडला नाही असं सरकार माझ्या पाहण्यात नाही. १९९५ मध्ये युती आली ती एन्रॉन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प अरबी समुद्रात बुडवू म्हणत. ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. जानेवारी १९९६ मध्ये फेरवाटाघाटी करून तोच प्रकल्प मंजूर झाला. समुद्र दाभोळला होता तिथेच राहिला.

प्रश्न : विधानसभा जिंकली पण विधान परिषद दुसऱ्यांकडे असेल तर कायदे अडतात का? – एक वाचक, ठाणे

लांबतात, अडत नाहीत. परिषद साधं विधेयक पहिल्या खेपेला तीन महिने धरून ठेवू शकते, विधानसभेनं पुन्हा पाठवलं तर आणखी एक महिना. धनविधेयक चौदा दिवस. त्रास होतो तो वेगळा. १९९५ मध्ये सत्ता बदलली तरी परिषदेचे सभापती काँग्रेसचे जयंतराव टिळकच होते, ते १९९८ पर्यंत. मंत्र्याला खाली एक वातावरण आणि वर दुसरं.

प्रश्न : आता विरोधी पक्षनेताही नाही. मग सत्ताधाऱ्यांना मैदान मोकळंच की! – राज्यशास्त्राचा विद्यार्थी, लातूर

२०२४ मध्ये विरोधकांत सगळ्यात मोठा पक्ष २० आमदारांचा. दहा टक्के म्हणजे २९ हवेत, असं सांगतात. पण विरोधी पक्षनेत्यांच्या वेतनाचा १९७८ चा आपला कायदा काढून वाच. त्यात दहा टक्के कुठे लिहिलेले नाहीत. सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता, एवढंच आहे. मघाशी दिल्लीचं सांगितलं, तिथे तीन आमदारांच्या भाजपलाही ते पद दिलं होतं.

मैदान मोकळं झालं की काय होतं ते सांगते. समोरून कोणी ओरडत नाही, म्हणून आपले लोक बसून राहत नाहीत. दुपारच्या जेवणानंतर लॉबीत, कॅन्टीनमध्ये, मंत्र्याच्या दालनात, किंवा थेट मतदारसंघाच्या गाडीत. पुरवणी मागण्यांवर (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या वाढीव खर्चावर) चर्चा चालू असते, बोलणारा बोलत असतो, आणि कोणीतरी उठून म्हणतं, ‘अध्यक्ष महाराज, गणपूर्ती नाही.’ गणपूर्तीला सभागृहाचा दहावा हिस्सा लागतो, म्हणजे २९. २३० मधले २९! मग घंटा वाजते आणि प्रतोद, म्हणजे आपल्या पक्षाचे आमदार हजर ठेवणारे, धावतात. एका प्रतोदाला मी हातातला चहाचा कप तसाच घेऊन दारापर्यंत आलेला पाहिलाय, आत कप नेता येत नाही म्हणून शिपायाच्या हातात कोंबला आणि मागून येणाऱ्या आमदाराला जवळजवळ ढकललंच.

जे हजर असतात तेही गप्प नसतात. मंत्रिपद न मिळालेला ज्येष्ठ आमदार स्वतःच्याच सरकारला लक्षवेधीत जे प्रश्न विचारतो, तसे विरोधकांनाही सुचत नाहीत. खातं आतून माहीत असतं ना! मंत्री उत्तर वाचून दाखवतो, हा उभा राहून म्हणतो, ‘मंत्रिमहोदयांना अधिकाऱ्यांनी चुकीचं ब्रीफिंग दिलंय,’ आणि पुढची बाकं खाली बघतात.

तुला प्रत्यक्ष बघायचं असेल तर तुझ्या आमदाराकडून प्रेक्षक गॅलरीचा पास घे. पहिल्या दिवशी जाऊ नकोस, तेव्हा सगळे फोटोसाठी येतात. पुरवणी मागण्यांच्या चर्चेचा दिवस बघ आणि संध्याकाळी पाचनंतर ये. ओळखपत्र बरोबर ठेव, मोबाइल खालीच जमा करावा लागेल.