कोपऱ्यावरच्या प्लॉटला कुंपण घालताना

प्रश्न : नाशिक महापालिका हद्दीत, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आमचे स्वतंत्र घर आहे. चोरांच्या भीतीमुळे चारही बाजूंनी सात फूट उंच विटांची भिंत घालण्याचा विचार आहे. ठेकेदाराच्या मते कंपाउंडला परवानगी लागत नाही. शेजाऱ्यांनी मात्र हद्दीवरून हरकत घेतली आहे. आम्ही काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ठेकेदाराच्या शब्दावर विसंबून पाया खोदू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील इमारतीच्या व्याख्येतच कुंपणभिंत व अन्य कुंपण येते. म्हणून परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंत्यामार्फत नगररचना विभागाकडे रीतसर अर्ज करावा. विनापरवाना भिंत उभी राहिली, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली ती पाडण्याची नोटीस येऊ शकते.

उंचीबाबत राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली (२०२०) आपल्याला लागू आहे. तिच्यानुसार समोरची भिंत दीड मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच फूट, बांधता येते, वरचा ०.९ मीटर भाग ग्रिल किंवा जाळीचा, आरपार दिसणारा ठेवल्यास एकूण उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते. त्यामुळे आपली सात फुटांची उंची मिळू शकेल, पण सबंध विटांची नव्हे. येथे अनेकांची फसगत होते ती मोजमापात : ही उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून धरली जाते, अंगणातल्या जमिनीपासून नाही. प्लॉटमध्ये दोन फूट भराव टाकलेला असेल, तर आतून पाच फूट दिसणारी भिंत नियमाच्या हिशेबाने सात फुटांची ठरते.

आपला प्लॉट कोपऱ्यावरचा असल्याने आणखी एक बंधन आहे आणि ते मनापासून पाळावे, असे मला वाटते. रस्ते जिथे मिळतात, तिथून दोन्ही बाजूंना दहा मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरहून, म्हणजे साधारण अडीच फुटांहून, उंच नसावी, त्यावर ०.७५ मीटर रेलिंग चालते. वळणावर येणाऱ्या दुचाकीस्वाराला सायकलवरचे मूल वेळेत दिसावे, यासाठीच हा नियम आहे. फाटकही पूर्णपणे आतल्या बाजूला उघडणारे हवे.

हद्दीचा वाद मात्र बांधकाम परवान्याने मिटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा, म्हणजे सरकारी मोजणीने प्लॉटच्या सीमा निश्चित करून घेण्याचा, अर्ज करावा, मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना आवर्जून उपस्थित राहण्यास सांगावे आणि दाखविलेल्या खुणा लगेच पक्क्या करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत (अर्जदाराला मिळणारी अधिकृत प्रत) घ्यावी. नंतरच परवान्यासाठी अर्ज करणे शहाणपणाचे, कारण परवान्याची मुदत एक वर्षाची असते आणि वाद चिघळल्यास ती तशीच सरते. पाया खोदताना भिंतच नव्हे, तर तिच्याखालचे फुटिंगही (पायाचा रुंद तळ) आपल्याच हद्दीत राहील, हे ठेकेदाराकडून लेखी कबूल करून घ्यावे.