लहान किनारी शहराची ओळख लिहिणाऱ्यास पत्र

प्रिय तरुण मित्रा,

लहान किनारी शहर आणि तिथली माणसं यांची ओळख लिहायची आहे, सुरुवात लोकसंख्येपासून करू का, असं विचारलंस. नको. आधी भरतीचं कोष्टक हातात घे. जनगणना आणि नगरपालिकेचे अहवाल कुठे पळून जात नाहीत.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात, दोहोंत सुमारे 12 तास 25 मिनिटांचं अंतर. म्हणजे आजची भरती उद्या साधारण 50 मिनिटं उशिरा. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा असेल तर भरलेल्या होड्या पाणी चढल्याशिवाय आत येऊ शकत नाहीत. मग मासळी उतरणं, लिलाव, बर्फाच्या गाड्या, हमाल, सगळंच पाण्यामागे सरकतं. सोमवारी सकाळी सहाला धक्का गजबजलेला पाहिलास आणि शुक्रवारी पुन्हा सहालाच गेलास, तर ती गर्दी आता सव्वानऊच्या सुमारास असणार. रिकामा धक्का बघून 'मासेमारी संपत आली' असं लिहून मोकळे होणारे इथेच फसतात. पंधरवड्याने भरती पुन्हा त्याच वेळेवर येते, तेवढा काळ तरी तिथे काढ. (काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते, भूमध्य समुद्रात पाणी जेमतेम चढतं; म्हणून कोष्टक त्याच बंदराचं हवं.)

पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हेही धक्क्याच्या पायऱ्यांवर उभं राहून बघ. ढोबळ हिशेब असा: एकूण चढाचे बारा वाटे केले तर सहा तासांत अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 वाटे पाणी वाढतं. चढ 3 मीटरचा असेल तर पहिल्या तासात 25 सेंमी आणि तिसऱ्यात 75. तिसऱ्या-चौथ्या तासात धक्क्यावर एवढी घाई का असते, ते यातून कळेल.

उंचीच्या आकड्यांत एक खोड आहे. नकाशावरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात, कोष्टकातली भरती मात्र नीचतम ओहोटीच्या आसपास ठरवलेल्या पातळीपासून. समज, भरती 4.2 मीटर लिहिली आहे आणि किनारी रस्ता नकाशावर 3 मीटर उंच आहे. वरवर पाहता रस्ता बुडायला हवा. पण त्या बंदरात सरासरी समुद्रसपाटीच कोष्टकाच्या शून्यापासून 2.3 मीटर वर असेल, तर ती भरती नकाशाच्या मापात फक्त 1.9 मीटरची. रस्ता कोरडाच राहतो. दोन्ही शून्यं एका पातळीवर आणल्याशिवाय 'शहर पाण्याखाली जाणार' असा मथळा देऊ नकोस. प्रत्यक्षात पाणी तुंबतं ते बहुधा मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आल्यावर: गटाराचं तोंड समुद्राच्या पाण्याखाली जातं, तोंडावरची झडप गंजून किंवा कचरा अडकून उघडी राहिली तर समुद्रच गटारातून आत येतो. त्या झडपा स्वतः जाऊन बघ. ओहोटीला जा, तेव्हाच त्या दिसतात.

विहिरींना जास्त वेळ दे, कारण लोक कुठे राहतात आणि कुठून उठून गेले याचं उत्तर बरेचदा तिथेच असतं. गोडं पाणी हलकं असल्यामुळे ते खाऱ्यावर तरंगतं. वाळूच्या जमिनीत भूजल समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल तर सपाटीखाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. उपसा वाढून ती पातळी अर्धा मीटर उतरली, की खारं पाणी कालांतराने 20 मीटर वर येऊ शकतं. किनाऱ्यापासून आत जाणाऱ्या एका रेषेवर पाच-सहा विहिरी निवड. पावसाळा संपताना एकदा आणि कोरड्या हंगामाच्या शेवटी एकदा पाणी तपास. वरवरचं पाणी बादलीने काढलंस तर पावसाचं गोडं पाणीच हाती येईल. वजन बांधलेली बाटली खाली सोड. लिटरमागे 250 मिलिग्रॅमच्या आसपास क्लोराइड असलं की जिभेला चव कळू लागते. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, क्लोराइड वेगळं मोजावं लागतं.

आता माणसं. लोकसंख्येचा एकच आकडा इथे लंगडा पडतो. ऐन हंगामातला शनिवार आणि बिनहंगामातला मंगळवार, दोन्ही दिवशी रात्री आठला त्याच गल्ल्यांतून फिर आणि उजेड असलेल्या खिडक्या मोज. कुलूपबंद घरं छज्ज्याच्या तळाकडे बघूनही ओळखता येतात. खाऱ्या हवेत सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे सळईच्या रेषेवर काँक्रीट फुटतं. राहतं घर असेल तर बहुधा कुणीतरी वेळेवर गिलावा करतं. महिन्यागणिक कचऱ्याचं वजनही शहर कधी फुगतं ते सांगतं. पाणीपुरवठ्याच्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नकोस, गळती त्यातच असते.

खलाशाला 'पगार किती' विचारलंस तर उत्तर चुकीचंच येईल, कारण बऱ्याच बंदरांत पगार नसतो, वाटा असतो. विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा होतो, उरलेलं होडी आणि माणसं यांच्यात वाटलं जातं. म्हणून विचार: मागची फेरी किती दिवसांची, खर्च किती, वाटे किती, तुझ्या हाती काय आलं? तांडेलाला (होडी चालवणाऱ्या म्होरक्याला), मालकाला आणि खलाशाला हे प्रश्न वेगवेगळं गाठून विचार. आकडे जुळणार नाहीत. कुठे जुळत नाहीत ते लिही.

होड्यांचे परवाने सहसा पुरुषांच्या नावावर असतात. त्या यादीवर विसंबलास तर निवडणं, साफ करणं, सुकवणं, विकणं करणाऱ्या बायका निसटतात, आणि किनाऱ्यावरचं काम धरलं तर जगभरात या धंद्यातली जवळपास निम्मी माणसं त्याच आहेत. त्यांच्याशी बोलायचं तर लिलाव संपल्यावर तासाभराने जा; आधी कुणाला मान वर करायला फुरसत नसते.

इतिहासाला दोन परिच्छेद पुरेत. समुद्रात नवी भिंत बांधली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे जुने-नवे फोटो शोध: वाहती वाळू एका बाजूला साचते, दुसरीकडचा किनारा झिजतो. कुठली वस्ती झिजत्या बाजूला आहे, ते नावानिशी यायला हवं.

मसुदा पाठवशील तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे तारीख, वेळ आणि त्या दिवशीच्या भरतीची वेळ लिहिलेली असू दे.