गाडी व्यवस्थित चालते, तरी रिकॉलचं (दोष निघाला म्हणून कंपनीने गाडी दुरुस्तीला परत बोलावल्याचं) पत्र आलंय. न्यायलाच हवी का? पैसे लागतात का?

न्या. आणि बहुतेक ठिकाणी हे काम कंपनी फुकट करून देते, वॉरंटी संपलेली असली तरी.

"व्यवस्थित चालते" हे मी दादाकडून इतक्यांदा ऐकलंय, की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमची गाडी सेकंडहँड. रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं, त्याने विकताना एका शब्दाने सांगितलं नाही. तीन वर्षांनी मी सहज कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकून पाहिला, तर पुढच्या डाव्या एअरबॅगचा इन्फ्लेटर, म्हणजे ती फुगवणारा भाग, बदलायचा बाकी. त्या सीटवर रोज आई बसायची.

दादा म्हणाला, "एवढी फिरली, काही झालं का? सर्व्हिस सेंटरला गिऱ्हाईक ओढायचे धंदे आहेत." अरे, पण एअरबॅग रोज वापरतो का आपण? तिचा दोष कळणार तो गाडी ठोकली जाईल त्याच दिवशी. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं तेच झालं. ती फुगवायला आत अमोनियम नायट्रेट हे रसायन होतं. उष्णतेने आणि दमटपणाने ते वर्षानुवर्षं बिघडत गेलं, आणि पेटलं की इतक्या जोरात पेटायचं की धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या गळ्यात, तोंडावर घुसायचे. साध्या धडकेत वाचली असती अशी माणसं त्याने गेली. जगभरात 10 कोटींहून जास्त इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. गिऱ्हाईक ओढायला कोणी एवढं करत नाही.

पार्ट यायला पाच आठवडे लागले. तोवर त्या सीटवर कोणाला बसवू नका असं सांगितलं होतं, म्हणून आई मागे बसली. नंतर तासाभरात काम झालं, बिल शून्य. दादाचं अजून तेच, काही झालं नसतं.

सगळे रिकॉल एवढे गंभीर नसतात हेही खरं. कधी नुसता स्टिकर बदलतात, कधी सॉफ्टवेअर. पण ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची गळती, एअरबॅग यातलं काही असेल तर आजच फोन करा, पार्ट आलाय का आणि तोवर गाडी चालवायची का, दोन्ही विचारा. मेसेजमधल्या लिंकवर पैसे मागितले तर तो रिकॉल नाही, फसवणूक आहे.

आणि पुढेमागे गाडी विकलीत तर हे पत्र घेणाऱ्याच्या हातात द्या. आमच्या आधीच्या मालकाने दिलं असतं, तर आई तीन वर्षं त्या सीटवर बसली नसती.